कंडक्टरचं तिकीट

नाना बसत नसत. धुळ्यातल्या त्या केमोच्या वॉर्डात आठ खुर्च्या होत्या, मागे कलणाऱ्या, हाताखाली उशी दिलेल्या. एकदा सुई लागली की माणसं त्यांत निमूट पडून राहत. नाना तेवढे सलाइनचा स्टँड हातात धरून फिरत. त्या स्टँडचं एक चाक किरकिरायचं, त्यामुळे डोळे मिटून पडलेल्यालाही कळायचं की नाना आता पाच नंबरपाशी आहेत, आता वळले, आता आपल्याकडे येताहेत. पहिल्या दिवशी मला ते चाक उपटून खिडकीबाहेर फेकावंसं वाटलं होतं.

माझा स्वभाव मुळातच चिडका. देवपूरच्या शाळेत बावीस वर्षं शास्त्र शिकवतेय, आणि मॅडम वर्गात आल्या की पंखासुद्धा आवाज करत नाही, अशी आमच्या मुलांची थट्टा असते. त्यात स्तनाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सोळा डोस सांगितले. पहिले चार तीन-तीन आठवड्यांनी, पुढचे बारा दर आठवड्याला, सगळे बुधवारी. डोसाच्या आधी स्टिरॉइडच्या गोळ्या दिलेल्या. त्यांनी डोळ्याला डोळा लागलेला नाही, उजवा पाय आपोआप हलतोय, आणि हे किरकिरणारं चाक माझ्याच दिशेने येतंय.

चाक थांबलं. उंच, वाळकुडा माणूस, अंगात खाकी पँट आणि पांढरा सदरा, डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरलेला. बोटातली अंगठी त्यांनी स्टँडच्या दांडीवर दोनदा वाजवली. टण, टण.

"नवीन पॅसेंजर?"

"मी पेशंट आहे," मी म्हटलं, जरा तोऱ्यातच.

"एकच शे, मॅडम." आहेला ते शे म्हणत, अहिराणी वळणाने. "तिकीट डॉक्टरांनी फाडलं, सीट सिस्टरने दिली. आपण फक्त मधल्या स्टॉपवर उतरायचं नाही."

मी पुस्तक उघडून तोंडासमोर धरलं. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. पुस्तकावरून डोकावत त्यांनी विचारलं, "ताप? तोंड? पोट? झोप?" चार शब्द, एका दमात, गर्दीच्या गाडीत "कुठून? कुठपर्यंत? किती जण?" विचारावं तसे. मी नुसती मान हलवली. पुढे दर बुधवारी हेच चार शब्द याच क्रमाने ऐकायचे होते, हे तेव्हा माहीत नव्हतं.

ज्योती सिस्टर त्या वॉर्डाच्या मालकीण म्हणाव्यात अशा. त्यांनीच मला सांगितलं की हे नाना म्हणजे धुळे डेपोचे रिटायर कंडक्टर, बत्तीस वर्षं एसटीत काढलेली, त्यातली निम्मी चाळीसगाववरून कन्नडचा घाट चढण्या-उतरण्यात गेली. राहायला शिंदखेड्याच्या पलीकडे एका खेड्यात. आजार फुप्फुसाचा. दर बुधवारी पहिल्या गाडीने येत, कधी डोस असे, कधी नुसतं सलाइन, कधी रक्ताची तपासणी. पास होता, नवे कंडक्टर मान देऊन पुढची सीट रिकामी करून देत, पण नाना शिंदखेडा ते धुळे दाराजवळ उभेच. का म्हणून विचारलं तर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "कंडक्टर बठना, गाडी झोपनी." कंडक्टर बसला की गाडी झोपली. बसलेल्या कंडक्टरला मागच्या सीटवरचा फुकट्या दिसत नाही, असं त्यावर स्पष्टीकरण.

पहिल्या डोसानंतर घरी जे झालं ते लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे आणि बाकीच्यांना देव सुखी ठेवो. उलट्यांनी मी इतकी गळून गेले की तिसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हटलं, बास, पुढचा डोस नको, जे व्हायचं ते होऊ दे. तीन आठवड्यांनी त्याने मला जवळजवळ उचलूनच नेलं, निदान डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने नाही म्हण, या अटीवर. डॉक्टर यायचे होते. चाक आधी आलं.

"पोट?" नानांनी विचारलं आणि मी भडाभडा सगळं सांगितलं. का सांगितलं कोणास ठाऊक. घरच्यांना सांगताना त्यांचे चेहरे बघवत नाहीत. या माणसाचा चेहरा ऐकताना जराही हलत नव्हता.

"गोळी कधी घेतली?"

"उलटी झाली की लगेच."

नानांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, सोळा वर्षं घाटात लोकांच्या उलट्या पाहिल्या मी. गोळी घाटाच्या खाली घ्यायची असते, घाटात नाही. घाटात घेतलेली गोळी वळणावर खिडकीबाहेर जाते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर वेळ लिहून दिली ती काय शोभेला? घाट लागाना पहिले गोई!" मग लगेच आवाज खाली आणून, "आणि सिस्टरला सांगा, जशी झाली तशी सांगा, लाजू नका. दुसरी, जास्त कडक गोळी पण असते. मी फक्त तिकीट बघतो, गाडी डॉक्टर चालवतात."

मी डॉक्टरांना नाही म्हणायला आले होते. त्याऐवजी किती उलट्या, कोणत्या वेळी, गोळी कधी, हे सगळं सांगितलं. त्यांनी गोळ्या बदलल्या, आणि सकाळी उठल्यापासून घड्याळ लावून घ्यायला सांगितल्या, मळमळ असो वा नसो. दुसरा डोस घाटासारखाच गेला, पण गाडीत बसून गेला. मी मधल्या स्टॉपवर उतरले नाही ती त्या दिवशी.

नानांकडे प्रत्येक त्रासाला एक म्हण होती आणि म्हणीपाठोपाठ "सिस्टरला विचारा" होतं. माझं तोंड आतून सोललं तेव्हा मी गुपचूप शेवभाजी खाऊन बघितली होती. जन्म खानदेशात गेलेल्या बाईला तिखटावाचून जेवण म्हणजे शिक्षाच. नानांनी माझ्या सुजलेल्या ओठांकडे बघूनच ओळखलं. "मिरचीला वर्षभर बिनपगारी रजा द्या. कोमट पाण्यात मीठ-सोडा, दिवसातून चारदा चूळ. भरीत खा, बिनमिरचीचं, गार करून. लोक हसले तर हसू द्या, सोललेलं तोंड त्यांचं नाही." जिभेवर लोखंडाची चव राहते म्हटल्यावर अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोने, मला लाकडी चमचा आणून दिला. अक्का कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून असायच्या आणि नवऱ्याकडे बघत काही ना काही निवडायच्या, कधी मेथी, कधी तांदूळ. नाना फिरायचे, अक्का बसायच्या. दोघांच्या संसारात ती वाटणी पहिल्यापासून होती म्हणे.

केस गेले त्या बुधवारी मी डोक्याला स्कार्फ गुंडाळून भिंतीकडे तोंड करून पडले होते. चाक आलं, थांबलं. मी म्हटलं, "नाना, आज नको." ते गेले नाहीत. म्हणाले, "केस उतरले. तुम्ही नाही ना उतरल्या?" मला इतका संताप आला की रडणंच थांबलं. सांत्वन करायची ही काय रीत? पण घरी जाताना रिक्षात तेच वाक्य दोनदा आठवून हसू आलं, हेही खरं.

आता तापाचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझा चौथा डोस ठरल्या बुधवारी झाला असता तर पुतणीच्या हळदीपर्यंत मी उठून बसण्याइतकी झाले असते. एक आठवडा पुढे गेला असता तर हळदीच्या दिवशी अंथरुणात. मंगळवारी संध्याकाळी अंगात कणकण आली. थर्मामीटर लावला, शंभरच्या वर. वॉर्डातून पहिल्या दिवशी दिलेल्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, ताप आला तर गोळी घेऊन वाट पाहू नका, लगेच कळवा. शास्त्राची शिक्षिका मी. शरीरातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, हे दरवर्षी फळ्यावर चित्र काढून शिकवते. केमोने ते सैनिक कमी होतात, अशा वेळी साधा ताप म्हणजे जिवाशी खेळ, हे मला डॉक्टरांनी वेगळं समजावून सांगायची गरजच नव्हती. तरी मी तापाची गोळी घेतली, पहाटे आणखी एक घेतली, आणि दहा वाजता अंग गार करून वॉर्डात हजर झाले. सिस्टरांनी ताप बघितला. नॉर्मल.

चाक आलं. "ताप?"

"नाही."

नाना पुढच्या प्रश्नाकडे गेले नाहीत. "मॅडम, इकडं बघून सांगा."

मी खिडकीबाहेर बघत होते. समोरच्या गच्चीवर कोणीतरी वाळत घातलेल्या चादरी. मी त्यांच्याकडे वळून पुन्हा "नाही" म्हटलं, पण तेवढ्यात त्यांनी स्टँडवर एकदाच अंगठी वाजवली होती. एक घंटी म्हणजे गाडी थांबवा. सिस्टर वळल्या.

"बत्तीस वर्षं हेच पाहिलं," नाना सिस्टरांना म्हणाले, माझ्याकडे न बघता. "ज्याच्याकडे तिकीट नसतं तो कंडक्टर जवळ आला की खिडकीबाहेर बघतो. यांनी गोळी घेतलेली शे. वरच्या ओठावर घाम पहा, एसी चालू शे."

छातीचा फोटो काढला, रक्त पुन्हा तपासलं. फुप्फुसात संसर्ग सुरू झाला होता. डोस रद्द, पाच दिवस दवाखान्यात, शिरेतून अँटिबायोटिक. हळद मी मोबाइलवर बघितली. डॉक्टर राउंडला आले तेव्हा म्हणाले, "काल या तापावर डोस गेला असता तर..." आणि वाक्य अर्धंच ठेवून गेले. मी ते वाक्य अनेक प्रकारे पूर्ण करून पाहिलेलं आहे.

पुढच्या बुधवारी मी नानांना हात जोडले. त्यांना अवघडल्यासारखं झालं. "राहू द्या. तुमच्या वर्गात एखादं पोर कॉपी करतं तेव्हा तुम्हाला कळतं ना? तसंच ते." तेव्हापासून आमचं जमलं. मी साप्ताहिक डोसांवर आले, पायांची बोटं बधिर होऊ लागली, खडू हातातून सुटायला लागला. नानांनी विचारलेल्या चार शब्दांत माझ्यासाठी पाचवा आला. ताप, तोंड, पोट, झोप, पाय. "चप्पल पट्ट्याची घाला, अनवाणी फिरू नका, खिळा गेला तरी कळायचं नाही. आणि डॉक्टरांना सांगा, ते डोस जरा कमी-जास्त करतात." मी सांगितलं. त्यांनी कमी केला.

मी पण कधीकधी उलट विचारायची, "नाना, तुमचा ताप?" ते हसायचे आणि स्टँड पुढे ढकलायचे. "कंडक्टरनं तिकीट कोन देखस?" कंडक्टरचं तिकीट कोण बघतं? सगळे हसायचे. मीही हसायची. त्या वाक्यात हसण्यासारखं होतंही, तेव्हा.

श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी नानांच्या घरी कानबाई बसते. आमच्याकडे हे नाही, त्यामुळे मला त्यांनीच समजावलं होतं. नारळाची देवी सजवायची, घरातल्या माणसांच्या हिशेबाने गहू घेऊन रोट करायचे, आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. सुरत, नाशिक, जिथं कुठं कुणी पोटासाठी गेलं असेल तिथून घरची माणसं त्या दिवशी गावी येतात. सोमवारी सकाळी वाजतगाजत देवीचं विसर्जन. नाना घरात थोरले, सगळं त्यांच्या हातून व्हायचं. त्याच्या आधीच्या बुधवारी ज्योती सिस्टरांनी त्यांना बजावलं होतं, "नाना, पेशी कमी आहेत. गर्दीत जायचं नाही." आणि नानांनी मान डोलावली होती. हीच ताकीद ते स्वतः आम्हाला गणपतीत, लग्नसराईत, बाजाराच्या दिवशी देत आलेले. चाळीस माणसं एका अंगणात, त्यात किती खोकणारी, किती शिंकणारी! आम्ही कोणी त्यांना म्हटलं नाही की नाना, तुम्ही जाऊ नका. थोरल्याला असं कोण म्हणणार? आणि कानबाईचा रोट चुकवायला सांगणारी मी कोण?

आणि मग तो बुधवार.

मी दहाला पोचले. नाना तीन नंबरच्या खुर्चीत, खिडकीशी, शाल पांघरून बसले होते. अक्का स्टुलावर, ओंजळीत काही नाही, नुसत्या. नानांनी शनिवारचा रिपोर्ट आणला होता, डॉक्टरांनी तो चालणार नाही म्हणून सकाळी नवीन रक्त घेतलं होतं, आणि ते येईपर्यंत नुसतं सलाइन. सिस्टरांनी ताप बघितला होता. नॉर्मल. हे सगळं मला मागाहून कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की चाक वाजत नाहीये. आणि मला काय वाटलं ते मी आज प्रामाणिकपणे लिहिते. मला बरं वाटलं. आदल्या दिवशीच्या स्टिरॉइडने डोकं भणभणत होतं, सातवा साप्ताहिक डोस होता, आणि वाटलं, चला, आज जरा शांत पडता येईल. मी त्यांना हसून म्हटलंसुद्धा, "नाना, आज शहाण्यासारखे बसलात!"

"बठ्ठं बरं शे, मॅडम," नाना म्हणाले. सगळं बरं आहे.

ते खिडकीबाहेर बघत होते.

मी पुस्तक उघडलं. किती वाचलं ते आठवत नाही, पण वाचलं. माझं सलाइन संपलं तेव्हा एरवी नाना अंगठीने द्यायचे त्या दोन घंट्या वाजल्या नाहीत, मलाच सिस्टरांना हाक मारावी लागली. एक नवीन बाई आली होती, शिरपूरकडची, ती रडत होती. तिच्यापाशी कोणी गेलं नाही. मीही गेले नाही. बाराच्या सुमारास मला पायांत मुंग्या आल्यासारखं झालं, मुंग्या तर नेहमीच्याच, पण ही वेगळी अस्वस्थता होती, काहीतरी राहून गेल्याची, गॅस बंद केला की नाही अशी. मी दोनदा पर्स तपासली. फोन तपासला. घरी फोन करून काय चाललंय ते विचारलं. काय राहिलंय ते सापडेना. एक वाजता नानांचे दात वाजू लागले तेव्हा ते सापडलं.

त्यांना इतकी हुडहुडी भरली की खुर्ची हलत होती. गोळीचा अंमल उतरला होता. रिपोर्ट त्याच वेळी हातात आला, पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच. धावपळ झाली, स्ट्रेचर आलं. नाना स्ट्रेचरवर आडवे व्हायला तयार नव्हते, चालत येतो म्हणत होते. मी माझा स्टँड ओढत त्यांच्यापाशी पोचले आणि त्यांचा हात धरला. तव्यासारखा तापलेला. "नाना, कधीपासून?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे नाही, आणि म्हणाले, "सोमवारपासून. कानबाई उठली तेव्हापासून." मग, "शेवटचे दोन डोस राहिले होते ना, मॅडम. गाडी लेट नको व्हायला."

बत्तीस वर्षांत यांच्यामुळे एकही गाडी उशिरा सुटली नाही, हा त्यांचा अभिमान. ज्या कारणाने मी गोळी घेतली होती त्याच कारणाने त्यांनी घेतली. मला त्यांनी पकडलं होतं.

सहा दिवस ते अतिदक्षता विभागात होते. सातव्या दिवशी सकाळी गेले. मला ज्योती सिस्टरांनी फोन करून सांगितलं, आणि मी त्यांच्यावरच ओरडले, तुम्ही काय करत होता म्हणून. सिस्टरांनी ताप बघितला होता, नवीन रक्त घेतलं होतं, डोस थांबवला होता. जे करायचं ते सगळं केलं होतं. मीच काही केलं नव्हतं. मी डॉक्टरांना विचारलं, दहा वाजताच मी बोलले असते तर? डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "दोन दिवस वाया गेले होते, मॅडम. तुमच्या तीन तासांनी काही फरक पडला नसता." शास्त्राच्या शिक्षिकेला हे असं सांगून चालत नाही. या तापात तास मोजतात, हे त्यांनीच दिलेल्या कागदावर छापलेलं आहे. फरक पडला नसता हे त्यांना माहीत नाही आणि पडला असता हे मला माहीत नाही. ही गोष्ट अशीच राहणार, आणि मला तिच्यासोबत राहायचं आहे.

महिन्याभराने मी शिंदखेड्याच्या पुढे त्यांच्या गावी गेले. अक्का अंगणात शेंगा फोडत होत्या. चहा झाला. मी काय बोलावं ते ठरवून गेले होते, पण बोलायच्या आधी त्यांनीच विचारलं.

"मॅडम, त्या दिवशी तुम्ही आल्या तेव्हा हे बसेल होते ना?"

"हो, अक्का."

"चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना दिवसाउजेडी असं बसेल एकदाच पाहिलं. त्यांची माय गेली तेव्हा." शेंगा फोडणारा हात थांबला नाही. "मला सकाळीच वाटलं होतं सिस्टरला सांगावं. त्यांनी डोळ्यांनी दटावलं मला. मग मी मनात म्हटलं, मॅडम येतील, त्या शिकेल बाई शे, त्या बरोबर ओळखतील."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी तिथं बसून रडले आणि अक्कांनी माझ्या पुढ्यात मूठभर शेंगा ठेवल्या. माझ्या बधिर बोटांनी त्या फुटेनात. त्यांनीच फोडून दिल्या.

माझे सोळा डोस पूर्ण झाले, त्याला दीड वर्ष झालं. केस आले, कुरळे आले, शाळेत मुलांना मजा वाटते. पायांच्या बोटांतलं बधिरपण पूर्ण गेलेलं नाही आणि माझं चित्तही थाऱ्यावर आलेलं नाही. बुधवारी मला शाळेत दुपारनंतर तास नसतो. मुख्याध्यापकांनी तेवढी सोय करून दिली आहे. मी नदी ओलांडून त्या वॉर्डात जाते. सिस्टर हसून म्हणतात, आली तपासणी. खुर्च्या त्याच आठ, माणसं नवीन. किरकिरणारं चाक कोणीतरी तेल घालून गप्प केलंय, म्हणून मी चपला वाजवत चालते. ताप, तोंड, पोट, झोप, पाय. बहुतेक जण "बरं आहे" म्हणतात. मी त्यांना माझ्याकडे बघून सांगायला लावते. शांत बसलेल्यापाशी जास्त वेळ थांबते. उत्तर काही मी देत नाही. माझं काम फक्त सिस्टरांना हाक मारण्याचं.

पण या सगळ्याआधी मी एक गोष्ट करते. तिच्याशिवाय मी त्या वॉर्डात एकही प्रश्न विचारलेला नाही. आत शिरले की पर्समधला थर्मामीटर काढते, पहिल्या खुर्चीत जे कोणी असेल, म्हातारं, तरणं, ओळखीचं, अनोळखी, त्याच्या हातात देते. लोक गोंधळतात, कोणी हसतं, कोणी म्हणतं, मॅडम, पेशंट मी आहे. मी तरी तिथंच उभी राहते.

"असू द्या," मी म्हणते. "आधी माझा बघा."